रहाटाची आखूड माळ

पावसात कोणाचीही वाडी हिरवी दिसते, वाडीवाला कसा आहे ते मे महिन्यात बघावं, असं माझे वडील म्हणायचे. पुढे चाळीस वर्षं मीही ते लोकांना ऐकवत आलो. यंदाच्या मे महिन्यात माझी वाडी बघायला कोणी आलं असतं, तर मी त्याला पडवीतच बसवून चहा पाजून परत पाठवलं असतं.

तरी काय काय आहे ते सांगतो. नारळ आहेत. चिकू आहेत आणि लागलेतही बरे. शेवगा आहे, त्याला काही झालं तरी तो मरत नाही. कुंपणाला दुधीचा एक वेल आहे, त्याचे दुधी वीतभर होतात आणि तिथंच थांबतात. वांगी आहेत, पण सालीला जाड. पडवळासाठी मांडव घातला होता. वेल मांडवापर्यंत चढलाच नाही. अर्ध्या काठीवर त्याची पानं कडेनं करपली, कोणी विडीचा चटका द्यावा तशी. आंब्याच्या पानांची टोकं तांबडी पडलीत. शिंपण झालं आणि ऊन चढलं की झाडांच्या आळ्यांत मातीवर पांढरं पांढरं दिसायला लागतं. नवखा माणूस विचारतो, "चुना टाकलात का काका?" मी हो म्हणायचो.

चुना नाही तो, मीठ आहे. आणि ते मीठ माझ्या वाडीत मीच आणलं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे शाळेत जाण्यापेक्षा मला रहाटावर बसायला आवडायचं. आमची वाडी आगाशीच्या पश्चिमेला. वारा पडला की दर्याचा आवाज घरात ऐकू येतो. वाडीच्या मधोमध आजोबांच्या वेळची दगडी विहीर आहे. तिच्या आत एका बाजूला बसायच्या पाटाएवढा दगड बाहेर आलेला आहे. तेव्हा विहिरीवर रहाट होता आणि तो रेडा ओढायचा. रहाटाची माळ, म्हणजे लोटे बांधलेला तो गोल दोर, बरोबर त्या दगडापर्यंत पोचायची. पाणी दगडाच्या खाली गेलं की लोटे रिकामेच वर यायचे. मग वडील रेड्याला सोडायचे, माळ थांबवायचे आणि खुशाल पान खात बसायचे. इकडे वैशाखाच्या उन्हात भेंडी मान टाकत असायची.

एकदा मी म्हटलं, "दोर वाढवूया ना. खाली पाणी दिसतंय."

"दिसू दे," वडील म्हणाले. "आपलं गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं वर तरंगतंय. खाली सगळा दर्या आहे. साय खावी, पातेलं खरवडू नये."

मला वाटलं, म्हातारा दोराच्या बाबतीत चिकट आहे. हे मी तोंडानं बोललो नाही, पण मनात कायम तेच राहिलं. पुढे रहाट गेला आणि मोटर आली. वडील असेपर्यंत मोटरचा पाइपही त्या दगडापर्यंतच सोडलेला होता. ते गेल्यावर मी दोन हात खाली सोडला. काही झालं नाही. आणखी एक हात सोडला, तरी काही झालं नाही. मग मला वाटायला लागलं की वडिलांपेक्षा मला जास्त कळतं.

तेव्हा माझी खरी मिजास होती राजेळीवर. राजेळी ही आमच्याकडची केळ, फळ लांब आणि जाड सालीचं. तिच्या पिकल्या केळ्यांची सुकेळी करतात. केळी सोलून बांबूच्या माचावर उन्हात घालायची, कावळे राखायचे, ऊन उतरलं की टोपलीत भरून झाकायची, दुसऱ्या दिवशी परत माचावर. असं सात दिवस. मग तांबूस, चिकट, मधासारखी झालेली ती केळी सुकल्या केळीच्या पानात घट्ट बांधायची. माझ्या बायकोचं सुकेळं आगाशीच्या बाजारात पाटी खाली ठेवायच्या आत संपायचं. "अमुक वाडीतलं आहे का?" असं विचारून लोक घ्यायचे. अमुक वाडी म्हणजे माझी. बायको दिवसभर माचाजवळ बसून भाजून निघायची आणि छाती मी फुगवायचो.

आमच्या कुंपणाला लागून एका ख्रिस्ती वाडीवाल्याची वाडी आहे. तो माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून दोन्ही वाड्यांतले पाणीदार पांढरे जाम चोरलेत, म्हणजे त्यानं माझ्यातले आणि मी त्याच्यातले. रोज सकाळी शिंपण आटपलं की तो आमच्या पडवीत चहाला यायचा. त्याच्या वाडीत बावखल आहे. पावसाचं पाणी साठवणारं हे आमच्या भागातलं छोटं तळं. उन्हाळ्यातही त्यात पाणी असतं. माझ्या वाडीत बावखल नाही, हे माझं जुनं दुखणं. मी त्याला म्हणायचो, "तुझी हुशारी काही नाही रे, तुझ्या आजाची आहे. डबकं खणून गेला म्हणून तुझी केळी भरतात." तो हसून म्हणायचा, "आणि तुझी?" मी म्हणायचो, "माझी माझ्या अकलेवर भरतात."

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती अक्कल निघाली. राजेळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, झाडांवर लटकलेले. भरायला आणखी तीन आठवडे हवे होते. विहिरीतला दगड पार उघडा पडला होता, पाणी त्याच्या पुरुषभर खाली. बायको म्हणाली, "दोन दिवस मोटर बंद ठेवा. झरे भरतील."

"आणि केळी काय तुझ्या तोंडाकडे बघून भरतील?"

"तुमच्या तोंडाकडे बघून तर नक्कीच नाही भरणार," ती म्हणाली आणि आत गेली.

मी दुसऱ्याच दिवशी बोअरवाले बोलावले. विहिरीच्या तळातच भोक पाडून पाइप खाली न्यायचा ठरवलं. मशिनचा आवाज ऐकून शेजारी कुंपणावरून डोकावला, मग सरळ आत आला. विहिरीत वाकून बघून म्हणाला, "अरे, विहिरीच्या पोटात भोक पाडतोस?"

"तुझं बावखल आहे. तू बोलशील."

"माझी विहीर तुझ्या विहिरीपासून पन्नास पावलांवर आहे, म्हणून बोलतो. खालचं पाणी ओढू नको. दोघांचंही जाईल."

मी म्हटलं, "मग तूही मार एक बोअर. पैसे नसतील तर सांग."

हे मी बोअरवाल्यांच्या समोर म्हटलं. ते हसले. तो वळला. कुंपणातून आमची नेहमीची वाट होती, पण त्या दिवशी तो वळसा घालून रस्त्यानं घरी गेला.

पाणी लागलं, आणि काय लागलं म्हणून सांगू! पाट काठोकाठ वाहिले. मी संध्याकाळी पाटात पाय सोडून बसलो आणि बायकोला बोलावून म्हटलं, बघ. तिनं ओंजळभर घेतलं, चव घेतली आणि बाकीचं मोगऱ्यावर टाकलं. त्या वर्षी लोंगर असे भरले की खोडांना दोन-दोन टेकू द्यावे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात घरात तुरीची डाळ शिजेना. बायको म्हणाली, "पाणी बदललंय." मी म्हटलं, डाळ जुनी आहे. आगाशीच्या दुकानदाराशी भांडून दुसरी डाळ आणली. तीही टणक राहिली. मग दुकान बदललं. मग तिथंही भांडलो आणि माणिकपूरला मुलगा राहतो तिथून डाळ आणवली. तीच डाळ मुलाच्या घरी लोण्यासारखी शिजत होती, हे सुनेनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "तिचा कुकर नवा आहे." बायकोनं कढईवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "हो. विहीरच तेवढी जुनी आहे."

त्याच वर्षी मोगरा गेला. मग पानवेल, मग घेवडा. राजेळीच्या पानांच्या कडा तपकिरी पडून कागदासारख्या वाजायला लागल्या. दिवाळीनंतर मी गुपचूप बोअरमध्ये लाकडाची खुंटी ठोकून वर सिमेंट ओतलं. घरात सांगितलं, पाइप फुटला. मीठ मात्र विहिरीत राहायलाच आलं होतं.

शेजाऱ्याची विहीर तिसऱ्या उन्हाळ्यात मचूळ झाली. हे मला त्यानं सांगितलं नाही. त्याची सून भाजीच्या वाफ्यांना बावखलातून हंड्यानं पाणी नेताना दिसली, त्यावरून कळलं. तो भांडायला आला नाही. फक्त चहाला यायचा बंद झाला. दिवाळीचा फराळ आमच्याकडून जायचा, नाताळचं गोडधोड त्यांच्याकडून यायचं, ताट नेणाऱ्या-आणणाऱ्या बायका. आम्ही दोघं रस्त्यात समोर आलो तर मान हलवायचो, तेवढंच.

लोक विचारायचे, विहीर कशानं गेली? मी सांगायचो, टँकरवाले सगळीकडून उपसतात, नालासोपाऱ्याकडे इमारती उठल्या, त्यांना पाणी कुठून येतं? दर्या आत सरकणारच. हे खोटं नाही. खूप विहिरी तशा गेल्या. पण माझ्या विहिरीत टँकरवाला उतरला नव्हता, मी उतरलो होतो.

आता यंदाचं सांगतो.

एवढ्या राजेळ्यांतली एकच उरली, न्हाणीच्या मागची. तिथं घरातल्या नळाचं सांडपाणी जातं, त्यावर ती तगली. महाशिवरात्रीच्या सुमाराला तिनं केळफूल टाकलं. बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, "यंदा सुकेळी करीन. गुडघे चालतायत तोवर. बहुधा शेवटचीच." गेली चार वर्षं घरात सुकेळं झालं नव्हतं. तिनं बांबूचा माच माळ्यावरून काढायला लावला, धुतला आणि भिंतीला उभा करून ठेवला.

रामनवमी झाली तसं नळाचं पाणी दिवसाआड तासभरच यायला लागलं. घरालाच पुरेना. केळं भरत आलं की त्याच्या अंगावरच्या धारा बुजतात, ते गोल होतं. मी रोज जाऊन बोटानं बघायचो, धारा तशाच. विहिरीचं पाणी घालायची माझी हिंमत नव्हती. गोडं पाणी होतं ते कुंपणापलीकडे, वीस पावलांवर.

बायको म्हणाली, "बावखलाचं पाणी मागा."

"मी नाही मागणार."

"मग मी मागते."

"तू गेलीस तर बघ."

"काय बघू? जेवणार नाही? नका जेवू. डाळ तशीही शिजत नाही."

पण ती गेली नाही. गेली असती तर मिळालं असतं, ती त्याला भाऊ म्हणते आणि तो तिला वहिनी. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं का गेली नाही ते. तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पाणी आणायला मी जाईन हो. पण त्याच्याआधी तिथं जे बोलायचंय, ते तुमचं आहे. ते मी कसं बोलू?"

तिनं बोअरचा शब्दही काढला नाही. सात वर्षांत कधीच काढला नव्हता. पाइप फुटला हे तिनं ऐकून घेतलं होतं, एवढंच.

मी तीन आठवडे घालवले. रोज कुंपणाशी जायचो, बावखलातलं पाणी बघायचो, परत यायचो. उद्या जाईन म्हणायचो. उद्या त्याच्याकडे कोणी पाहुणे असायचे. परवा माझा गुडघा दुखायचा. आता हिशेब मांडत बसत नाही, पण केळीला पाणी लागत होतं ते नेमकं त्याच तीन आठवड्यांत. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी राजेळी एका बाजूला कलली. मी टेकू दिला, दोन कॅन उचलले आणि गेलो.

तो जामाच्या झाडाखाली बसून कोयत्याला धार लावत होता. कॅन बघून म्हणाला, "काय आणलंस?"

"एक राजेळी आहे. लोंगर भरत नाही."

"मग ने की पाणी. विचारायला काय झालं?"

इथं मी कॅन भरून आलो असतो तरी चाललं असतं. पण बायकोचं बोलणं कानात होतं. मी म्हटलं, "ती बोअर. विहिरीचं खारं झालं ते बोअरनंच. तुझीही माझ्यामुळेच गेली."

त्यानं कोयता खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, कॅनकडे बघितलं.

"हे होणार, ते मला तू बोअर मारलीस त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो. म्हटलं येईल कधीतरी. हात हलवत येईल, एवढं बोलेल, चहा पिईल. सात वर्षं वाट बघितली. तू आलास तो कॅन घेऊन."

मी म्हणणार होतो, तसं नाही रे. पण तसंच होतं. केळ कलली नसती तर मी आलो नसतो, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

"भर," तो म्हणाला. "डाव्या बाजूनं उतर. उजवीकडे शेवाळ आहे, पडशील."

मग सोळा-सतरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन कॅन नेले. त्या वेळेला तो तिथं नसायचा. आधी असायचा, हे मी कुंपणातून इतके दिवस बघत आलो होतो.

आभाळ भरून यायला लागलं तसा लोंगर उतरवला. वरच्या तीन फण्या भरल्या होत्या. खालच्या सगळ्या धारदार, बोटाएवढ्या. तीन आठवडे आधी गेलो असतो तर त्याही भरल्या असत्या. बायकोनं भरलेली केळी पेंढ्यात दाबून पिकवली, सोलली, माचावर घातली. छत्री घेऊन सात दिवस माचाशेजारी बसली. मी म्हटलं, मी बसतो, तू पड जरा. म्हणाली, "तुम्हाला कावळे घाबरत नाहीत." अर्धी केळी घट्ट राहिली, पाहिजे तशी मऊ झाली नाहीत. तरी वास तोच आला. मी घरात होतो, वास आला आणि पडवीत येऊन बसलो.

दोन पुड्या झाल्या. त्यातल्या चांगल्या केळ्यांची पुडी तिनं माझ्या हातात दिली. "ही तिकडे. आणि हो, कॅन नेऊ नका."

मी पुडी नेली. त्यानं ती नाकाला लावली, सुनेला हाक मारून आत ठेवायला दिली. उघडली नाही. मला वाटलं झालं, निघावं. तेवढ्यात म्हणाला, "मुनवे किती आहेत?"

मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याला फुटणारी पिल्लं. त्यांच्यापासून पुढची केळ होते. मी म्हटलं, "दोन."

"तुझ्या मातीत नाही जगायचे. मृगाच्या आत इथं आणून लाव. बावखलाच्या काठाला."

सात वर्षांपूर्वी माझ्या मातीला कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं. माझ्या बापानं, आज्यानं खत घालून केलेली ती माती. मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी पहारीनं मुनवे काढले. कंद लहान होते, पण आत पांढरेशुभ्र, कीड नव्हती. न्हाणीमागे आता खड्डाच आहे. बायको म्हणते तिथं अळू लावू, पण मी अजून काही लावलेलं नाही. मोटरचा पाइप मी वर ओढून परत दगडापर्यंत आणलाय. दगड दिसला की मोटर बंद करतो. पाणी मचूळच आहे. कोणी म्हणतं, पुष्कळ पावसाळे गेल्यावर गोडं होईल. ते प्यायला मी नसेन. मुलगा म्हणतो, आता वर ओढून काय फायदा? त्याला काय सांगायचं! आळ्यात पांढरं बघून कोणी चुना का म्हणून विचारलं, तर हल्ली मी मीठ म्हणतो.

मुनव्यांना पाणी घालायला आम्ही दोघं रोज पलीकडे जातो. कळशी मी भरतो, आळ्यात बायको घालते. परवा शेजारी काठाशी उभा होता. तिला म्हणाला, "वहिनी, बघितलंत का? तुमच्या केळीनं पान सोडलं." ती वाकून बघायला लागली. मग दोघं डाळीवरून, गुडघ्यांवरून, सुनांवरून बोलत राहिली. मध्येच त्यानं सुनेला चहा ठेवायला सांगितलं, वहिनींसाठी. मी कळशी घेऊन परत बावखलात उतरलो, डाव्या बाजूनं.